आई-वडिलांसाठी देखणी कूपे घेताना या चुका टाळा

बाबांची चौदा वर्षे वापरलेली हॅचबॅक विकायचे ठरले, तेव्हा कोथरूडच्या आमच्या घरी आलेल्या जवळजवळ प्रत्येक पाहुण्याने एकच सल्ला दिला, की या वयात साधी, उंच आणि चौकोनी गाडी बरी. आईचे म्हणणे वेगळे होते. आयुष्यभर फ्रीजपासून कपाटापर्यंत सगळे उपयोगाचे म्हणूनच घेतले, आता ही एक वस्तू तरी डोळ्यांना आवडेल अशी घेऊ या, असे ती म्हणाली आणि मागे छत उतरत गेलेल्या कूपेच्या चित्रावर तिने बोट ठेवले. त्यानंतरचे तीन महिने आम्ही पुण्यातल्या शोरूम पालथ्या घातल्या. त्या काळात आमच्या हातून झालेल्या आणि थोडक्यात टळलेल्या चुका येथे मांडत आहे.

आईची इच्छा नुसती हौस समजून बाजूला सारणे ही त्यांतली पहिली आणि माझ्या मते सर्वांत मोठी चूक. 'कूपे' हा मूळ फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ कापलेली, म्हणजे मागचा भाग छाटलेली गाडी. कूपेशी जोडलेली 'ग्रँड टूरिंग' ही कल्पना इटलीतल्या 'ग्रान तुरिस्मो'वरून आली. दोन माणसांनी आपले सामान घेऊन, न दमता, वेगाने आणि थाटात दूरवर जावे यासाठी या गाड्या घडवल्या गेल्या. मुले आपापल्या संसारात रमली, निवृत्तिवेतन सुरू झाले आणि गणपतीपुळे, महाबळेश्वर, कोल्हापूर असे मनाला येईल तिकडे निघायला वेळ मिळाला, अशा जोडप्यापेक्षा या गाडीला योग्य मालक दुसरा कोण असणार? त्यामुळे देखणेपण हवे की नको हा प्रश्नच नाही. ते देखणेपण त्यांच्या गुडघ्यांना, डोळ्यांना आणि रोजच्या रस्त्यांना सोसणारे आहे का, एवढेच पाहायचे आहे.

दोन दारांचा आग्रह

खरी कूपे दोन दारांची, असे मानून शोध सुरू केला तर परवडणाऱ्या किमतीत आपल्याकडे हाती काही लागत नाही. दोन दारांच्या बहुतेक गाड्या परदेशातून तयार होऊन येतात, त्यांवर सीमाशुल्क भरमसाट असते आणि आयात केलेल्या गाडीला महाराष्ट्रात 20 टक्के रस्ता कर पडतो. पैशांचा प्रश्न नसला, तरीही दोन दारांच्या गाडीचे दार लांब असते आणि ते पुरते उघडल्याशिवाय माणूस बाहेर पडू शकत नाही. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये एका बाजूला खांब आणि दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची गाडी असताना सत्तरीच्या माणसाने अर्धवट उघडलेल्या दारातून अंग चोरून निघणे म्हणजे रोजची शिक्षा आहे.

सुदैवाने 2024 पासून चार दारांच्या, पण कूपेसारखे उतरते छत असलेल्या गाड्या आवाक्यात आल्या आहेत. टाटा कर्व्ह आणि सिट्रोएन बसाल्ट त्याच वर्षी बाजारात आल्या. विजेवर चालणाऱ्या महिंद्रा बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई त्यांच्यापेक्षा महाग आहेत, पण त्या आपल्याच चाकणला तयार होतात. जुन्या अर्थाने या ग्रँड टूरर नव्हेत, हे मान्य. मात्र दोघांचा लांबचा प्रवास आणि डोळ्यांत भरणारी ठेवण या दोन्ही गोष्टी त्या देतात.

गुडघे आणि डोके मोजून न घेणे

बाबांच्या उजव्या गुडघ्याची सांधेरोपण शस्त्रक्रिया झालेली आहे. पहिल्या शोरूममध्ये एका बुटक्या, अतिशय सुंदर गाडीत ते सहज बसले आणि आम्ही खूश झालो, पण उतरताना त्यांनी एक हात दाराच्या चौकटीवर आणि दुसरा माझ्या खांद्यावर टेकवला. त्या दिवशी घरी येऊन मी टेपने जेवणाच्या टेबलाची खुर्ची मोजली. हात न टेकवता बाबा जिच्यावरून उठतात ती खुर्ची जमिनीपासून 46 सेंटिमीटर उंच होती. पुढच्या प्रत्येक शोरूममध्ये टेप माझ्या पर्समध्ये होता. जमिनीपासून सीटच्या बाहेरच्या कडेपर्यंतची उंची मोजायची आणि ती 46 पेक्षा बरीच कमी भरली तर ती गाडी तिथेच सोडायची, असे आम्ही ठरवले. विक्रेत्यांना हे विचित्र वाटले असेल, पण या एका आकड्याने आमची निम्मी यादी गळाली. एसयूव्हीच्या उंचीवर कूपेचे छत चढवलेल्या गाड्या यात तरल्या, कारण त्यांत खाली बसावे लागत नाही आणि वर चढावेही लागत नाही. सीट वर-खाली करण्याची सोय बहुतेक वेळा चालकाच्या बाजूलाच असते. म्हणून आई जिथे बसणार ती शेजारची सीट आहे त्या उंचीवरच मोजावी.

छताचा प्रश्न मागच्या सीटवर येतो. छताचा उतार जिथे सुरू होतो तिथेच मागे बसणाऱ्याचे डोके असते, त्यामुळे आत शिरताना मान वाकवावी लागते आणि बसल्यावर खड्डा आला तर टाळू छताला लागते. शोरूममध्ये लोक मागे बसतात ते पुढे वाकून, कौतुकाने इकडेतिकडे बघत, आणि म्हणून जागा पुरेशी वाटते. पाठ पूर्ण टेकवून, डोके मागच्या उशीला लावून, दार लावून दहा मिनिटे बसावे. मांडीला आधार मिळतो का, हेही तेव्हाच कळते. बसाल्टच्या वरच्या श्रेणीत मागच्या सीटचा मांडीखालचा आधार कमी-जास्त करून घेता येतो. ही बाब जाहिरातीत छोटी वाटली, तरी खंबाटकी घाट उतरून साताऱ्याला पोहोचेपर्यंत तिची किंमत पायांना कळते.

दारांच्या मुठींकडे आम्ही आधी लक्षच दिले नव्हते. कर्व्ह आणि बीई 6 यांच्या मुठी पत्र्याला सपाट मिळवलेल्या आहेत, आणि बीई 6 च्या मागच्या दाराची मूठ तर खिडकीमागच्या खांबात दडवलेली आहे. दिसायला हे फार सुरेख आहे, पण आईच्या बोटांना संधिवात आहे. तिला प्रत्येक मूठ पाच-सहा वेळा स्वतः उघडायला लावली तेव्हा कुठली तिला जमते आणि कुठली जमत नाही, हे आम्हा सर्वांना दिसले. हीच गोष्ट एसीच्या बटणांची. स्पर्शाने चालणारे पडदे चाळिशीच्या चष्म्याच्या वरच्या भागातून धूसर दिसतात आणि खालच्या भागातून पाहायचे तर मान वर करावी लागते. त्यामुळे चाचणीच्या दिवशी आई-वडिलांनी आपला रोजचा चष्माच लावावा, आणि जमल्यास अंधार पडल्यावर एक फेरी घ्यावी.

शोरूमच्या रस्त्यावरच चाचणी घेणे

एका शोरूमने आम्हाला टेस्ट ड्राइव्हसाठी गुळगुळीत डांबराचा दोन किलोमीटरचा ठरलेला पट्टा दिला आणि दुसरीकडे जायला नकार दिला. आम्ही बुकिंग केले नाही. ज्या शोरूमने गाडी आमच्या सोसायटीपर्यंत आणू दिली, तिथेच पुढची बोलणी केली. तुमच्या इमारतीचा उतार, तुमच्या गल्लीतले आकार-उकार नसलेले गतिरोधक, सदाशिव पेठेत नातेवाइकांकडे जाताना लागणारी वळणे आणि गणेशखिंड रस्त्यावरची संध्याकाळची मुंगीच्या चालीची रांग, यांवरून गेल्याशिवाय गाडी कळत नाही. जमिनीपासून पोटापर्यंतचे अंतर कर्व्हला 208 आणि बसाल्टला 180 मिलिमीटर आहे. पण नुसता आकडा पुरत नाही, कारण पुढचा बंपर किती पुढे आला आहे यावरही नाक घासणे अवलंबून असते. गाडी घेतल्यावर उतारावर नाक घासू लागले तर सरळ न जाता तिरपे जावे आणि एकेक चाक उतरवावे, म्हणजे बहुतेक वेळा सुटका होते.

आडव्या-उभ्या धक्क्यांचे मूळ पुष्कळदा चाकांत असते. टायरवर 215/55 आर 18 असे लिहिलेले असेल, तर 215 मिलिमीटर रुंदीच्या 55 टक्के, म्हणजे सुमारे 118 मिलिमीटर एवढी टायरची भिंत असते. तेच 225/40 आर 18 असेल तर भिंत फक्त 90 मिलिमीटर उरते. खड्ड्याचा दणका आधी ही भिंत पचवते, ती पातळ झाली की तो थेट रिमला आणि तिथून पाठीच्या मणक्याला जातो. मोठी रिम छायाचित्रात शोभते, पण आई-वडिलांसाठी एक श्रेणी खालची, लहान रिमची गाडी घेण्यात मला काहीच कमीपणा वाटत नाही. गाडी आधीच घेतली असेल आणि ती कडक वाटत असेल, तर प्रथम हवेचा दाब पाहावा. चालकाच्या दाराच्या चौकटीवर दोघांसाठीचा आणि भरलेल्या गाडीसाठीचा असे दोन वेगळे आकडे बहुधा छापलेले असतात, आणि पंपावरचा मुलगा ते न पाहता सगळ्यांना सारखीच हवा भरतो.

मागची काच तिरपी आणि अरुंद असल्याने मागचे कमी दिसते, त्यात अनेक कूपेंना मागे वायपर नसतो. जुलैत ताम्हिणी घाटातून जाणाऱ्यांनी याचा आधीच विचार करावा. कॅमेरा चांगला हवाच, पण त्याची भिंग पुसायला डिकीत एक फडकेही ठेवावे.

गिअरबाबत थोडक्यात सांगते. बाबांचा डावा पाय चाळीस वर्षे क्लचवर होता, तरी त्यांनी ऑटोमॅटिकच घ्यावी असे मी ठाम सांगितले. टॉर्क कन्व्हर्टर या ऑटोमॅटिकच्या एका प्रकारातला गिअर गर्दीत मऊ चालतो, बसाल्टच्या टर्बो इंजिनाबरोबर तो मिळतो. सुरुवातीचे काही दिवस डावा पाय सवयीने ब्रेकवर जातो, म्हणून रिकाम्या मैदानावर दोन-तीन सकाळी सराव करून घ्यावा.

किमतीतल्या आणि कागदांतल्या चुका

फलकावरची किंमत पाहून हिशेब करू नये. व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात 10 लाखांपर्यंत 11 टक्के, 10 ते 20 लाखांना 12 टक्के आणि त्यापुढे 13 टक्के रस्ता कर आहे. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के अधिक. म्हणजे 15 लाखांच्या पेट्रोल गाडीवर 1 लाख 80 हजार आणि तेवढ्याच किमतीच्या डिझेलवर 2 लाख 10 हजार रुपये निव्वळ करात जातात. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरपेक्षा लांब पेट्रोल-डिझेल गाड्यांवर 40 टक्के जीएसटी आहे, तर विजेवरच्या गाड्यांवर 5 टक्के. 10 लाखांवरच्या गाडीवर शोरूम आणखी 1 टक्का कर वसूल करते, तो ज्याच्या पॅनवर भरला जातो त्याला विवरणपत्रात परत मागता येतो. बाबांना हे ठाऊकच नव्हते.

मात्र मला सर्वांत जास्त कळकळीने सांगायचे आहे ते विम्याबद्दल. मुले प्रेमाने गाडी स्वतःच्या नावावर घेतात आणि आई-वडिलांना वापरायला देतात. वडिलांनी जुन्या गाडीवर सलग पाच वर्षे दावा केला नसेल तर त्यांच्याकडे 50 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट असते. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, त्यामुळे त्यांच्याच नावावरच्या नव्या गाडीला लागू होतो, पण मुलाच्या किंवा मुलीच्या नावावरच्या गाडीला होत नाही. तृतीय पक्ष विम्यावर, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीच्या विम्यावर, ही सूट नसते, तरी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात ती निम्मी बचत आहे. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून बोनस राखल्याचे पत्र घ्यावे, ते तीन वर्षांच्या आत वापरता येते. आमच्या बुकिंगच्या अर्जावर माझे नाव लिहून झाले होते, ते खोडून बाबांचे लिहिले.

त्याच वेळी परवान्याची तारीखही पाहावी. वयाच्या 55 नंतर परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठीच होते आणि त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. मुदत उलटलेल्या परवान्यावर गाडी चालवताना अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो.

पाडव्याला किंवा दसऱ्यालाच किल्ली हवी म्हणून गाडी न तपासता आरटीओ नोंदणीला जाऊ देणे, हीही नेहमीची चूक आहे. नोंदणीपूर्वी आवारात जाऊन चासी क्रमांक, उत्पादनाचा महिना, टायर आणि रंग पाहून घ्यावेत. आणि शोरूमने सुचवलेली जाड सीट कव्हरे घेऊ नयेत. बाजूची एअरबॅग अनेक गाड्यांत सीटच्या कुशीतच असते, वरून घट्ट कव्हर शिवले की ती उघडायला अडथळा होतो.

शेवटची अडचण पुण्यात घरोघरी आहे. आई-बाबा सहा महिने अमेरिकेत नातवंडांकडे जातात आणि परत आल्यावर गाडी सुरूच होत नाही. शेजाऱ्यांनी अधूनमधून पाच मिनिटे इंजिन चालू ठेवल्याने बॅटरी भरत नाही, उलट सुरू करताना खर्च झालेली वीजही भरून निघत नाही. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटे गाडी रस्त्यावर फिरवावी, नाहीतर जाण्यापूर्वी मेकॅनिककडून बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवून घ्यावी, टायरमध्ये हवा थोडी जास्त भरावी आणि उंदीर तारा कुरतडतात म्हणून बॉनेटखाली जाळी लावून घ्यावी. गेल्या खेपेला किल्ली वरच्या मजल्यावरच्या काकांकडे दिली होती. दर रविवारी सकाळी ते ती घेऊन चांदणी चौकापर्यंत जाऊन येत, आणि आई-बाबा विमानतळावरून परतले त्या पहाटे गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली.