आरसी ग्लायडर उडवताय? खानदेशच्या उन्हावाऱ्यात या चुका टाळा

गहू-हरभरा निघाला की पहिल्या पावसापर्यंत खानदेशात शिवारंच्या शिवारं मोकळी पडलेली असतात. वर लख्ख आकाश, खाली तापलेली काळी जमीन आणि दहा वाजल्यापासून उठणारी गरम हवा. आरसी ग्लायडर, म्हणजे रिमोटवर चालणारं छोटं विमान, मोटर बंद ठेवून तरंगत ठेवायला याहून चांगला प्रदेश शोधावा लागेल. तरीही नव्याने हा छंद धरणाऱ्यांची बरीच विमानं पहिल्याच आठवड्यात मोडतात, आणि कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: वारा फार होता. मला हे पटत नाही. पडलेलं मॉडेल हातात घेऊन नीट पाहिलं, तर बहुतेक वेळा कारण मॉडेलमध्येच सापडतं, आणि ते घरून निघतानाच तिथे असतं.

सीजी: सगळ्यात जास्त मॉडेल्स इथेच जातात

सीजी म्हणजे मॉडेलचा तोल जिथे साधतो तो बिंदू. सरळ, आयताकृती पंखाच्या नवशिक्या ग्लायडरला तो पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण 30 ते 35 टक्क्यांवर लागतो. पंख 20 सेंटीमीटर रुंद असेल, तर 6 ते 7 सेंटीमीटरवर. मॉडेलच्या माहितीपत्रकात आकडा दिला असेल तर तोच धरा. पंखाच्या खालच्या बाजूला दोन्हीकडे पेनाने खूण करा, खुणांवर दोन बोटांची टोकं टेकवून मॉडेल उचला. नाक किंचित खाली झुकलं पाहिजे.

चूक होते ती पुढे. कुणी बॅटरी न बसवताच तोल पाहतो. कुणी मित्राची वेगळी बॅटरी घालतो आणि पुन्हा तपासत नाही. सर्वात फसवी चूक शेपटीच्या दुरुस्तीची. शेपूट तुटली, भरपूर गोंद लावला, वर टेप गुंडाळली, दिसायला मजबूत झाली. पण सीजीपासून शेपटीचं अंतर नाकाच्या अंतराच्या तिप्पट असेल, तर मागे वाढलेल्या 5 ग्रॅमसाठी पुढे 15 ग्रॅम शिसं घालावं लागतं. म्हणून शेपटीच्या प्रत्येक दुरुस्तीनंतर तोल पुन्हा पाहायचा.

तोल चुकल्याचं हवेत कसं ओळखायचं? मागचा भाग जड असेल तर रिमोटची काठी जराशी हलवली तरी नाक उसळतं, वेग मरतो, एक पंख खाली जातो आणि मॉडेल गिरक्या घेत येतं. नाक जड असेल तर एलेव्हेटर (शेपटीची आडवी हलती पट्टी) सतत वर धरून ठेवावा लागतो. पण वर-खाली लाटा मारत जाणारं मॉडेल पाहून लगेच निष्कर्ष काढू नका, कारण तसं चुकीच्या ट्रिममुळेही, म्हणजे काठी मोकळी असतानाची पट्ट्यांची स्थिती चुकल्यामुळेही, होतं. खात्रीचा उपाय म्हणजे सुळकीची, म्हणजे नाक खाली घालून झेपावण्याची, चाचणी. चांगली उंची असताना मॉडेल सरळ ट्रिम करा, नाक 30-40 अंश खाली घाला आणि काठी मोकळी सोडा. ते झपकन वर उसळलं तर नाक जड आहे. स्वतःहून आणखी खाली घुसायला लागलं तर शेपूट जड आहे. लगेच हळुवार बाहेर काढा, उतरवा आणि पुढे वजन वाढवा. सावकाश सरळ झालं तर तोल जमला. फरक करायचा तो एका वेळी दोन-तीन ग्रॅमचा, आणि प्रत्येक फरकानंतर ट्रिम पुन्हा लावायचा. शिकणाऱ्याने नाक किंचित जडच ठेवावं असं माझं स्पष्ट मत आहे. तरंगणं थोडं कमी होतं, पण हातातली चूक मॉडेल माफ करतं.

हातातून सोडताना

मॉडेल आकाशाकडे फेकू नका. नाक वर करून फेकलं की चार-पाच मीटरवर वेग संपतो, पंख हवेवरची पकड सोडतात आणि नाक जमिनीत घुसतं. खांद्याच्या उंचीवरून, अगदी समोरून येणाऱ्या वाऱ्यात, नाक क्षितिजाच्या किंचित खाली ठेवून सरळ ढकला. पहिल्या फेकी गवतावर किंवा मऊ धसकटांच्या शेतात करा. नांगरट झालेल्या रानातली वाळलेली ढेकळं दगडासारखी असतात, फोमचं नाक तिथे एकाच फेकीत चेपतं.

त्याआधी मॉडेलच्या मागे उभं राहून दिशा तपासा. काठी उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर आणि डावा खाली गेला पाहिजे, रडर (शेपटीची उभी हलती पट्टी) उजवीकडे वळला पाहिजे. काठी आपल्याकडे ओढली की एलेव्हेटर वर. सर्व्होच्या, म्हणजे या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरींच्या, वायरी काढून लावल्या की दोन्ही एलेरॉन उलटे होण्याचा प्रकार हमखास होतो, आणि हवेत गेल्यावर तो सावरायला वेळ मिळत नाही. सर्व्होच्या दांड्याला मधला बारीक स्क्रू आहे ना, हेही बघा. तो नसला तरी दांडा दातांवर बसलेला राहतो, जमिनीवर सगळं ठीक चालतं, आणि पहिल्या जोराच्या वळणात निसटतो.

मोटरवाला ग्लायडर असेल तर बॅटरी जोडताना हात पंख्याच्या पुढे कधीच नको. रिमोट आधी चालू, थ्रॉटल खाली, मग बॅटरी. सिग्नल तुटला तर मोटर बंद होईल असा फेलसेफ लावलेला असावा, आणि रिमोट बंद करून तो जमिनीवर एकदा पाहिलेला असावा.

ऊन मॉडेलला काय करतं

या भागाबद्दल पुण्या-मुंबईकडचे सल्ले पुरत नाहीत. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 44-45 च्या घरात असतो, आणि उन्हात उभ्या बंद गाडीत तापमान 60 अंशांच्या पुढे जातं. तिथे ठेवलेला फोमचा पंख सामानाच्या दाबाने वाकतो आणि तसाच राहतो. लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी फुगते. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही, चार्जही करायची नाही. बॅटरी भरलेली ठेवून आठवडाभर घरी विसरणं हीसुद्धा तिला मारण्याची खात्रीची पद्धत आहे. उडवायचं नसेल तेव्हा प्रत्येक सेल 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवा, आणि उडताना 3.5 च्या खाली जाऊ देऊ नका.

ग्लू गनचा गोंद आपल्याकडच्या दुपारी मऊ पडतो. एलेव्हेटरचा हॉर्न (ज्याला सर्व्होची तार जोडतात तो तुकडा) किंवा मोटरचा माउंट (बैठक) त्याच्यावर भरवसा ठेवून बसवला असेल, तर तो जागेवरून सरकतो आणि ट्रिम आपोआप बदलल्यासारखं वाटतं. अशा जागी इपॉक्सी वापरा. साधा इन्स्टंट गोंद मात्र थर्माकोलला खातो, त्याला फोमसाठी बनवलेलाच गोंद लागतो. बिजागरीची टेपही उन्हात सुटते. निघण्यापूर्वी प्रत्येक हलती पट्टी बोटाने हलकेच ओढून बघायला अर्धा मिनिट लागतो.

मॉडेल सतत एकाच बाजूला कलत असेल तर ट्रिमने ते झाकू नका. मागून, डोळा पंखाच्या रेषेत आणून पाहा: एका पंखाची मागची कड दुसऱ्यापेक्षा वर किंवा खाली पिळलेली दिसेल. सांगाड्यावर फिल्म चिकटवलेला पंख उलट दिशेने पीळ देऊन इस्त्रीने किंवा गरम हवेने सरळ होतो. फोमचा पंखही हलक्या गरम हवेत धीराने सुधारतो.

रंगाचंही ऐका. वरची बाजू फिकट ठेवा, म्हणजे ती कमी तापते. खालची बाजू गडद ठेवा. एप्रिलच्या पांढुरक्या आकाशात पांढरा पंख शंभर मीटरवर पुसला जातो.

हवा वाचायला न शिकणं

नांगरलेली कोरडी काळी जमीन लवकर तापते. शेजारी ठिबकवर वाढलेली केळीची बाग असेल तर तिथली हवा त्या मानाने थंड असते. या दोन्हींच्या सीमेवर, बांधाच्या झाडांपाशी किंवा डांबरी रस्त्याच्या कडेला, गरम हवेचा फुगा बऱ्याचदा जमीन सोडतो. रावेर-यावलकडे असे पट्टे पावलोपावली आहेत. पंख न हलवता गोल फिरणारी घार दिसली की तिच्या खाली जा, तिचा अंदाज आपल्यापेक्षा पक्का असतो.

मॉडेलही सांगत असतं. सरळ उडताना डावा पंख अचानक उचलला गेला, तर चढती हवा डावीकडे आहे. बहुतेक जण पंख सरळ करतात आणि मॉडेल आपोआप उजवीकडे, त्या हवेपासून दूर सरकतं. उचललेल्या पंखाच्या बाजूलाच वळा. चढत्या हवेचं वर्तुळ सापडलं की ते वाऱ्यासोबत वाहत जाणार हे लक्षात ठेवा. तुम्ही त्याच्यामागे किती जाता यावर परतीची वाट ठरते, कारण येताना वारा तोंडावर असतो आणि उंची झपाट्याने उतरते. अर्धी उंची परतीसाठी राखून ठेवा.

शिकायचं असेल तर सकाळी सात ते नऊ. हवा शांत असते, चूक कुणाची हे लगेच कळतं. दुपारच्या वावटळीजवळ नवशिक्याने जाऊच नये. तिच्यात पंख मोडण्याइतका जोर असतो. चढ इतका जबर लागला की मॉडेल बारीक होत चाललं, तर सुळकी मारू नका. वेगाने पंख थरथरून तुटतो. स्पॉइलर (पंखावरच्या उघडणाऱ्या, चढ कमी करणाऱ्या फळ्या) असतील तर उघडा, नसतील तर नाक थोडं खाली ठेवून सरळ रेषेत त्या फुग्याच्या बाहेर पडा.

वाऱ्यासोबत जाणारं मॉडेल जमिनीवरून भरधाव दिसतं. ते पाहून काठी ओढणारे खूप, आणि तिथेच ते थांबून पडतं. वेग जमिनीवरून मोजू नका, नाकाच्या स्थितीवरून ओळखा. मॉडेल तुमच्याकडे येत असताना डावं-उजवं गोंधळतं, तेव्हा एकच करा: जो पंख खाली गेलाय, त्या बाजूला काठी न्या.

जागा आणि परवानगी

साक्रीकडच्या माळांवर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. तिथल्या उतारांवर वाऱ्यावर तासन्‌तास उडवता येतं, पण वारा उताराला समोरून भिडला पाहिजे. कड्याच्या पाठीमागच्या बाजूला हवा गुंडाळत खाली येते, तिथे उतरवायला गेलात तर मॉडेल आपटेल. यावल आणि गौताळा-औट्रम घाट अभयारण्यांत वनविभागाला न विचारता रिमोट काढू नका.

ड्रोन नियम 2021 मध्ये छंदाची मॉडेल्सही येतात. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा आधी पाहा. हिरव्या पट्ट्यात मर्यादा 400 फूट, म्हणजे 120 मीटर. चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ती 200 फुटांवर येते. जळगावकरांनी हे विशेष पाहावं.

आणि शेतमालकाला विचारा. "हाई काय शे रे भाऊ?" असं कुतूहलाने विचारणारा माणूस दुसऱ्या दिवशी स्वतः बांध दाखवतो. न विचारता त्याच्या कपाशीत शिरलेल्याला तो पुन्हा उभं करत नाही.

मॉडेल पिकात पडलं तर

धावू नका. जागेवर उभे राहा, मॉडेल जिथे दिसेनासं झालं त्या रेषेत दूरचं एखादं झाड किंवा विजेचा खांब हेरा, आणि जोडीदाराला दुसऱ्या कोनातून तसंच करायला सांगा. दोन रेषा जिथे छेदतात तिथे शोध सुरू करा. केळीच्या बागेत पान वर झाकण घालतं, त्यामुळे खालून, खोडांच्या रांगेतून पाहत जा. मोटरवालं मॉडेल असेल तर थ्रॉटल शून्यावर ठेवा. रिमोट बंद करू नका. काठी हलवत राहिलात तर सर्व्होची किरकिर आठ-दहा पावलांवरून ऐकू येते. बॅटरी आदळून चेपली असेल तर ती ताबडतोब काढून मोकळ्या जागी, वाळल्या पाचटापासून दूर ठेवा. हाती लागलेलं मॉडेल लगेच पुन्हा उडवू नका. पंखाच्या मुळाशी फोमवर पांढरी सुरकुती दिसते का पाहा, आणि प्रत्येक सर्व्हो काठीने सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मध्ये कुठे क्षणभर अडकला, तर आतला दात तुटलाय. तो सर्व्हो घरी जाऊन बदला.