कोळसा धुवायचा, पण किती?

वॉशरीत, म्हणजे कोळसा धुण्याच्या प्लांटमध्ये, नवीन आलेल्या पोरांना वाटतं, कोळशावर पाणी मारलं की झालं. त्याने नुसती धूळ जाते. चंद्रपूर-वणी पट्ट्यातला कोळसा गोंडवाना काळातला. झाडोऱ्यासोबत गाळही साचला, त्यामुळे माती आतपर्यंत मुरलेली. ती वेगळी होते घनतेवर. पाणी १ धरलं तर चांगला कोळसा १.३ च्या आसपास, शेल (मातीचा थरांचा दगड) २ च्या वर. मधल्या घनतेच्या द्रवात कोळसा तरंगतो, दगड बुडतो. प्लांटमध्ये त्यासाठी पाण्यात मॅग्नेटाइटची (चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाची) पूड कालवतात. ती पुढे चुंबकाने परत मिळते.

द्रव किती घनतेचा ठेवायचा, ते मात्र आधी लॅबमध्ये ठरवा.

सॅम्पल ढिगाच्या कडेचं नको. मोठे डगळे घरंगळून पायथ्याशी जातात आणि आकडा फसवतो. चालत्या बेल्टवरून थोड्या थोड्या वेळाने घ्या. अर्ध्या मिलिमीटरखालचा चुरा चाळून बाजूला ठेवा. आता तीन बादल्यांत झिंक क्लोराइडची द्रावणं करा: १.४, १.६, १.८. पावडर पाण्यात हळूहळू सोडा, द्रावण चांगलंच तापतं. हातमोजे आणि चष्मा घालाच. घनता थंड झाल्यावर हायड्रोमीटरने बघा.

सुरुवात १.४ पासून. तरंगलेला माल झाऱ्याने काढा, बुडालेला निथळून पुढच्या बादलीत टाका. प्रत्येक भाग गरम पाण्याने खळखळून धुवा; झिंक चिकटून राहिलं तर राखेचा आकडा खोटा येतो. मग वाळवा, तोला, बारीक दळा आणि १ ग्रॅम मफल फर्नेसमध्ये (लॅबच्या बंद विजेच्या भट्टीत) ८१५ अंशांवर जाळून राख मोजा.

समजा १०० किलोत असं निघालं: १.४ वर तरंगला २० किलो, राख १४ टक्के, १.६ वर ३० किलो, २७ टक्के, १.८ वर २५ किलो, ४२ टक्के. उरलेला २५ किलो, ७० टक्के. मूळ राख ३८.९. द्रव १.८ चा ठेवला तर ७५ किलो माल २८.५ टक्के राखेचा मिळतो. १.६ चा ठेवला तर राख २१.८ वर येते, पण निम्मा माल रिजेक्टमध्ये, म्हणजे बुडालेल्या टाकाऊ मालात, जातो. तो रिजेक्ट कुणीतरी विकत घेऊन जाळतोच. मग धूर कमी झाला कुठे, नुसता गाव बदलला! मी १.८ च्या बाजूचा.

पूर्वी लांब जाणाऱ्या कोळशाला राख ३४ टक्क्यांच्या आत ठेवायची अट होती, मे २०२० मध्ये ती गेली. आता ग्राहकाशी बोलताना हा तक्ताच समोर ठेवा. गंधकाचं वचन देऊ नका: पायराइटचे (लोह-गंधकाच्या खनिजाचे) खडे बुडतात, पण कोळशाच्या रेणूत बांधलेलं गंधक धुऊन जात नाही.

आणि काळं पाणी नाल्यात सोडायचं नाही. थिकनरमध्ये (गाळ खाली बसवायच्या टाकीत) गाळ बसवा, वरचं पाणी पुन्हा फिरवा, आणि पावसाळ्याआधी स्लरीचं (कोळशाच्या पातळ गाळाचं) तळं उपसून घ्या.