संगीत नाटकाचा प्रयोग गाठायला निघताय? या चुका टाळा

जुनं संगीत नाटक नव्या संचात परत उभं राहिलं अशी बातमी आली की गोव्यातली मंडळी लग्नाला निघाल्यासारखी निघतात, मुंबई म्हणा पुणे म्हणा, आणि त्यात नवल काहीच नाही कारण ही नाटकं आपल्याला घरचीच वाटतात. 'मत्स्यगंधा' १९६४ साली आणलं ते धि गोवा हिंदु असोसिएशनने, संगीत मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकीबुवांचं, गाणारे रामदास कामत गोव्याचेच, मग माणूस काय घरी बसणार? पण होतं काय की जाहिरात दिसली की पहिलं नाटकाचं तिकीट काढतात, मग गाडी बघतात, मग राहायचं बघतात आणि परतीचं तर प्रयोग सुटल्यावर बघतात. घोळ सगळा इथेच आहे. माझं ऐकाल तर हे सगळं उलट्या टोकाकडून करा, आधी परत कसं येणार ते ठरवा आणि त्यात कुठला प्रयोग बसतो ते बघा.

सुटायची वेळ गृहीत धरू नका

जाहिरातीत सुरू व्हायची वेळ असते, सुटायची नसते. संगीत नाटकात ती कोणाला सांगताही येत नाही. एकेकाळी ही नाटकं रात्रभर चालायची, 'शाकुंतल'मध्ये दोनशेच्या आसपास पदं, म्हणजे गाणी, होती म्हणतात, आता कापून-छाटून तीन-साडेतीन तासांत बसवतात, पण ते कागदावर. गायक रंगात आला, समोरून दोनचार वन्स मोअर पडले की अर्धा तास कुठे गेला कळत नाही. आणि आपल्याकडचा प्रयोग असेल तर मध्यंतरात सत्कार असतो हे विसरू नका, शाल, श्रीफळ, दोन शब्द, मग दुसऱ्याचे दोन शब्द, आणि ते दोन शब्द दोन कधीच नसतात. म्हणून जाहिरातीतल्या वेळेत सरळ चार तास मिळवा, त्यावर हॉलमधून बाहेर पडायचा अर्धा तास, आणि मग परतीचं ठरवा.

मुंबईचं उदाहरण घ्या. कोकणकन्या मुंबईहून रात्री अकराच्या सुमारास निघते, दादर-ठाण्याला थांबते. दुपारी चारचा प्रयोग असेल तर आरामात बघून, जेवून गाडी मिळते. रात्री आठ-साडेआठचा असेल तर विसरा, मग एकतर शेवटचा अंक सोडून पळायचं नाहीतर एक रात्र मुंबईत काढायची, आणि शेवटचा अंक सोडायचा असेल तर एवढ्या लांब गेलात कशाला! जाताना तीच कोकणकन्या पहाटे पोचवते, म्हणजे अंघोळ-झोप करून दुपारच्या प्रयोगाला माणूस ताजा. वंदे भारत लवकर पोचवते म्हणून काहीजण ती काढतात पण ती नेहमीच्या वेळापत्रकात मडगावहून दुपारी सुटून रात्री दहानंतर मुंबईत पोचते, त्या दिवसाचा प्रयोग गेला म्हणून समजा, शिवाय ती रोज नसते.

यातली एक बारीक चूक फार जण करतात. तिकीट सीएसएमटीपासूनचं काढतात आणि नाटक शिवाजी मंदिरात म्हणून चढतात दादरला, तिथून स्टेशन चालत जाण्याइतकं जवळ, सोयीचं वाटतं. पण तुम्ही पहिल्या स्टेशनवर सीटवर दिसला नाहीत तर टीसी तुम्ही आलाच नाहीत असं धरू शकतो आणि बर्थ दुसऱ्याला जाऊ शकतो. बोर्डिंग पॉइंट आधी बदलून घ्या, ऑनलाइन होतं, पण आदल्या दिवशीच करा, प्रयोगाच्या दिवशी डोक्यात राहत नाही.

पुण्याचं गणित वेगळं. गोवा एक्सप्रेस दुपारी निघून पहाटे पुण्यात सोडते ते ठीक, पण परतीची पुण्याहून संध्याकाळीच सुटते, त्यामुळे संध्याकाळचा प्रयोग बघून ती मिळणार नाही. मग रात्रीची बस, नाहीतर मुक्काम. बसने जाणार असाल तर सकाळी सातला पोचेन या हिशोबाने सकाळच्या प्रयोगाचं तिकीट काढू नका, घाटात एक ट्रक आडवा झाला की सात वाजायचे अकरा होतात, आणि पावसात तर बोलायलाच नको.

गाडीची तारीख आणि नाटकाची तारीख जुळत नाही तेव्हा

हे खरं दुखणं आहे. रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं (आधी १२० होतं, नोव्हेंबर २०२४ पासून कमी केलं), आणि नाटकाची तारीख कधी तीन आठवडे आधी कळते तर कधी दोन. तोवर शनिवार-रविवारच्या गाड्या वेटिंगवर गेलेल्या असतात. यावर उपाय म्हणजे ज्या महिन्यात प्रयोग होण्याचा रंग दिसतो त्यातल्या एखाद्या वीकेंडचं रिझर्वेशन आधीच करून ठेवायचं, जमलं नाही तर रद्द करायचं, थोडे पैसे कापले जातात ते जाऊ द्या. नाहीतर तत्काळ, ते आदल्या दिवशी एसीचं सकाळी दहाला आणि स्लीपरचं अकराला उघडतं, पण तत्काळवर अख्ख्या कुटुंबाचा बेत बांधणं म्हणजे जुगार.

आणि जून ते ऑक्टोबरमध्ये कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू असतं, गाड्या हळू चालतात, मडगावहून सुटायच्या वेळा बदलतात. मे महिन्यात कोणीतरी पाठवलेलं वेळापत्रक ऑगस्टमध्ये वापरू नका. गणेशचवथीच्या आसपास मुंबईहून इकडे येणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते हे काय नव्याने सांगायला हवं? तरी लोक परतीचं तिकीट नेमकं तेव्हाचं शोधत बसतात.

नाव वाचून भलत्याच थिएटरला जाणे

हसू नका, होतं असं. दीनानाथ मंगेशकरांच्या नावाचं नाट्यगृह विलेपार्ल्यात आहे आणि पणजीत कांपालला कला अकादमीतल्या मोठ्या सभागृहालाही त्यांचंच नाव आहे. यशवंत नाट्य मंदिर माटुंग्याला, यशवंतराव चव्हाण नाट्यगृह पुण्यात कोथरूडला, आणि यशवंतराव चव्हाण सेंटर नरिमन पॉइंटला. फोनवर नुसतं 'यशवंत' टाकून आलेल्या पहिल्या ठिकाणी टॅक्सी नेलीत तर नांदी, म्हणजे सुरुवातीचं मंगलपद, रस्त्यातच होणार. आपल्या गोव्यात तर रवींद्र भवनच किती, मडगाव, साखळी, कुडचडे, बायणा. व्हॉट्सअपवर 'रविवारी रवींद्र भवनात सौभद्र' एवढाच मेसेज फिरतो आणि पेडण्याहून निघालेला माणूस मडगावात पोचतो, नाटक असतं साखळीला. गाव विचारा, लाजू नका.

तिकडून इकडे येणाऱ्यांसाठीही दोन शब्द (आणि हे दोनच). फोंड्याला राजीव गांधी कला मंदिरात प्रयोग असेल आणि तुम्ही स्वस्त दिसलं म्हणून उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळाचं विमान काढलंत तर आधी मोपा ते पणजीच साधारण ३५ किलोमीटर आहे आणि फोंडा त्याच्याही पुढे. ट्रेनने येत असाल तर पणजीसाठी करमळी, म्हापशासाठी थिवी, सरसकट मडगाव नको. ओला-उबर इथे चालत नाहीत, रात्री अकराला नाट्यगृहाबाहेर उभं राहून अॅप उघडाल आणि बघतच राहाल, टॅक्सीवाल्याशी येतानाच परतीचं बोलून ठेवा. इथल्या लोकांनाही हेच लागू, रात्री गावाकडची बस मिळेल असं धरून चालू नका, आणि फेरीबोटीने जायचं असेल तर त्या धक्क्यावरची शेवटची फेरी कधी ते आधी विचारा. एकाच गावचे चार जण असाल तर एक गाडी करा, पेट्रोल वाटून घ्या, वाटेत नाटकावर भांडताही येतं.

कानात रेकॉर्डिंग घेऊन बसू नका

सगळ्यात मोठी चूक मला तरी हीच वाटते, कारण गाडी चुकली तर दुसरी मिळते पण इथे माणूस पहिल्या रांगेत बसूनही नाटक चुकवतो. 'कट्यार काळजात घुसली' घ्या. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक, १९६७ साली आलं, वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब अजून लोकांच्या कानात आहेत. २०१० मध्ये त्यांच्या नातवाने, राहुल देशपांडे यांनी, तीच भूमिका घेऊन नाटक परत आणलं, आणि मग २०१५ मध्ये सिनेमा आला. आता जे सिनेमा बघून नाटकाला जातात ते 'सूर निरागस हो' कधी येतं याची वाट बघत बसतात. ते येणार नाही! ते सिनेमासाठी शंकर-एहसान-लॉय यांनी केलेलं आहे. नाटकातलं संगीत अभिषेकीबुवांचं, 'घेई छंद', 'तेजोनिधी', 'सुरत पिया की' ही त्यातली. सिनेमात कथाही थोडी इकडेतिकडे केलेली आहे, म्हणून बरोबर येणाऱ्या तरुण पोरांना हे आधी सांगून ठेवा नाहीतर ती मध्यंतरात विचारतात, 'ते गाणं कापलं काय?'

जुन्या जाणत्यांचं उलटं असतं. त्यांनी रेडिओवर, कॅसेटवर एक पद हजारदा ऐकलेलं असतं, तान कुठे वळते ते पाठ, आणि समोरचा गायक तिथे वळला नाही की चेहरा पडतो. अहो, रेकॉर्डवर तीन-चार मिनिटांत बसवायचं म्हणून जे गायलं गेलं तेच अंतिम असं कोणी सांगितलं? नाट्यपद रंगमंचावर वाढवून गायचं असतं, तो गायक-नट त्या दिवशीच्या गळ्याने आणि समोरच्या माणसांच्या दादेने ते वाढवतो, त्यासाठीच तर आपण प्रवास करून जातो. प्रयोगाच्या आधी पंधरा दिवस जुनी रेकॉर्ड लावणं बंद करा आणि त्याऐवजी संहिता मिळाली तर वाचा. गद्य प्रवेश किती ताकदीचे आहेत ते कळेल, कारण बहुतेकांना नाटकातली पदं माहीत असतात, नाटक माहीत नसतं. देवलांचं 'शारदा' १८९९ चं, म्हाताऱ्याला मुलगी विकायची गोष्ट, त्यातलं गद्य आजही अंगावर येतं, आणि लोक पदं संपली की मोबाइल काढतात.

पदं कापलेली असणार हेही मनात धरून जा. तुमचं आवडतं पद नसेल तर मध्यंतरात आत जाऊन कलाकारांना जाब विचारू नका, असे महाभाग असतात, मी बघितलेत.

बसल्यावरच्या चुका

तिसऱ्या घंटेनंतर आत येऊन मोबाइलच्या टॉर्चने सीट शोधणं. संगीत नाटकात नांदी चुकली की अर्धा मूडच गेला, म्हणून अर्धा तास आधी पोचा. सीट निवडताना अगदी पहिल्या रांगेच्या कोपऱ्यात स्पीकरसमोर बसू नका, ऑर्गन आणि तबला नीट ऐकायचा तर सहावी-सातवी रांग, मधली जागा. एसीत चार तास बसायचंय, आईबाबांसाठी शाल घ्या.

वन्स मोअर द्या, जरूर द्या, पण पद पूर्ण होऊ दे. शेवटची तान जमिनीवर टेकायच्या आत ओरडणारे आणि पुढचा संवाद सुरू झाल्यावर ओरडणारे, दोघेही सारखेच. आणि आपल्या गोंयकारांची खास खोड, गावच्या जत्रेत, उत्सवात स्वतः काम केलेलं असतं त्यामुळे अख्खं पद पाठ, मग गायकाबरोबर गुणगुणणं सुरू. बाजूच्याने तिकीट तुमच्यासाठी काढलेलं नाही. पार्किंगमधली गाडी आधी काढायला म्हणून भरतवाक्याला, म्हणजे शेवटच्या पदाला, उठून जाणाऱ्यांबद्दल काय बोलणार.

तरीही फिसकटलं तर

जाहिरातीत नावं नीट वाचा. गायक-नटाचा गळा बसला की कधी प्रयोग रद्द होतो तर कधी दुसरा कलाकार उभा राहतो. प्रयोग रद्द झाला तर नाटकाच्या तिकिटाचे पैसे परत मिळतात, पण रेल्वे-हॉटेलचे तुमचे तुम्हालाच. म्हणून हॉटेल शक्यतो रद्द करता येणारं घ्या, आणि निघायच्या दिवशी सकाळी नाट्यगृहाच्या बुकिंग खिडकीवर फोन करा, ती माणसं नीट सांगतात. कलाकार बदलला असेल तर मात्र लगेच परत फिरू नका, बदली उभा राहिलेला पोरगा त्या दिवशी जीव तोडून गातो.

अगदीच रद्द झालं तर हातात एक संध्याकाळ आहे, मुंबई-पुण्यात त्याच दिवशी दुसऱ्या नाट्यगृहात काहीतरी लागलेलं असतंच, पेपरातलं नाटकांचं पान उघडा. गद्य का असेना, बघून या.