आखाती मोबाइल कंपनीच्या साहेबाकडे देणगी मागताना

गोव्यातल्या एखाद्या गावात वाचनालयाचं छप्पर गळायला लागलं, की समितीच्या बैठकीत कोणीतरी कुवेतचं नाव काढतंच. कोणाचा तरी मुलगा तिथल्या मोबाइल कंपनीत असतो, त्याच्या वरच्या साहेबाचं दानधर्मात नाव असतं, आणि त्याच रात्री व्हॉट्सॲपवरून पत्र जातं. उत्तर येत नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे पैसे येतात, आणि ते घेण्याचा संस्थेला अधिकारच नसतो. दोन्ही घोटाळ्यांचं मूळ एकच: पैसा नेमका कोणाच्या खिशातून येणार, हे आधी पाहिलेलं नसतं.

आधी कारकीर्द वाचा

ज्यांच्याकडे मागायचं ते पगारदार प्रमुख आहेत, मालक आहेत, की कंपनी विकून बाहेर पडलेले संस्थापक, हे पहिलं ठरवा. कुवेतचंच उदाहरण घ्या. तिथली एमटीसी ही मोबाइल कंपनी १९८३ची. २००२ पासून साद अल-बर्राक तिचे प्रमुख होते. २००५ मध्ये कंपनीने आफ्रिकेतली सेलटेल ही मोबाइल कंपनी ३.४ अब्ज डॉलरच्या व्यवहारात घेतली, २००७ मध्ये स्वतःचं नाव झैन केलं. २०१० मध्ये अल-बर्राक बाहेर पडले आणि त्याच वर्षी झैनचा आफ्रिकेतला बराचसा पसारा आपल्या भारती एअरटेलने १०.७ अब्ज डॉलरला घेतला. हे आकडे वाचून गावातले लोक म्हणतात, ‘या माणसाला पाच लाख म्हणजे काय!’ पण ते अब्ज भागधारकांचे, आणि झैनच्या भागधारकांत कुवेत सरकारची गुंतवणूक संस्थाही आहे. पगारदार प्रमुख स्वतःच्या बचतीतून देऊ शकतो. कंपनीचे पैसे मात्र कंपनीच्या सामाजिक विभागाकडून, मंजुरी घेऊनच निघतात. पत्र कोणाला लिहायचं ते यावरून ठरतं.

सेलटेल विकणारे मो इब्राहिम यांची गोष्ट वेगळी. १९४६ मध्ये सुदानात जन्म, ब्रिटनमध्ये सेलनेट या मोबाइल कंपनीचे तांत्रिक संचालक, १९८९ मध्ये एमएसआय ही सल्लागार कंपनी, १९९८ मध्ये सेलटेल. विक्रीनंतर २००६ मध्ये त्यांनी प्रतिष्ठान काढलं. म्हणजे इथे खिसा खरोखर संस्थापकाचा. तरीही गोव्यातून तिथे अर्ज करण्यात अर्थ नाही, कारण त्या प्रतिष्ठानाचा विषय आफ्रिकेतला राज्यकारभार. लोकशाही मार्गाने निवडून येऊन मुदत संपल्यावर खुर्ची सोडणाऱ्या आफ्रिकी राष्ट्रप्रमुखाला ते दहा वर्षांत मिळून ५० लाख डॉलर देतात आणि पुढे तहहयात वर्षाला २ लाख. लायक माणूस सापडला नाही तर ते वर्ष कोरडं जातं. इतका काटेकोर दाता पेडण्याच्या वाचनालयासाठी नियम वाकवणार नाही. इजिप्तच्या ओरासकॉम या मोबाइल कंपनीवाल्या साविरीस कुटुंबाचं २००१चं प्रतिष्ठानही इजिप्तमधल्याच कामांसाठी आहे.

म्हणून प्रतिष्ठानाच्या संकेतस्थळावर दोनच गोष्टी पाहा: गेल्या दोन-तीन वर्षांत पैसे कोणत्या देशात गेले, आणि न मागवलेले अर्ज ते घेतात का. उद्दिष्टांचं पान वाचून काही कळत नाही, तिथे सगळेच जगाचं भलं करत असतात.

पत्रात होणाऱ्या चुका

पत्र दोन पानांचं ठेवा. काम काय, किती महिन्यांत, किती पैसे, गावाने स्वतः किती जमवले. अंदाजपत्रक रुपयांत द्या आणि शेजारी दात्याच्या चलनात. इथे हमखास फसगत होते. कुवेती दिनारात १००० फिल्स असतात, त्यामुळे रक्कम तीन दशांश स्थळांपर्यंत लिहितात. ‘१,५००.०००’ म्हणजे दीड हजार दिनार. आपल्याकडे टिंबाचा स्वल्पविराम झाला की तेच पंधरा लाख होतात. बहारीनचा दिनार आणि ओमानचा रियाल यांचंही तसंच. रक्कम अक्षरांतही लिहा.

‘अल’ हे मधलं नाव नव्हे. संबोधन पहिल्या नावाने करतात, म्हणजे ‘डॉ. साद’, ‘मिस्टर बर्राक’ नव्हे. प्रत्येकाला ‘शेख’ म्हणू नका. कुवेतात ती पदवी राजघराण्यातल्या माणसांची. कुवेतात सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते, आपल्याकडच्या शुक्रवारी पाठवलेलं पत्र रविवारी उघडतं. रमजानात दानाला जोर असतो पण कचेऱ्या कमी वेळ चालतात, शिवाय हा महिना दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो. पत्र त्याच्या दोन महिने आधी पोचलेलं बरं. जकातीचा, म्हणजे मुसलमानांच्या सक्तीच्या दानाचा, पैसा मागू नका: तो कोणाला द्यायचा याचे आठ वर्ग ठरलेले आहेत आणि छप्पर त्यांत बसवणं दात्याला अवघड जातं. सदका ऐच्छिक असतो, त्यातून देता येतं.

पैसे घेण्याआधी पासपोर्ट विचारा

इथे गोव्याची खास अडचण येते. परदेशी देणगीचा कायदा, म्हणजे २०१०चा एफसीआरए, केंद्रीय गृह मंत्रालयाच्या परवानगीशिवाय अशी देणगी घेऊ देत नाही. आणि तो देणारा राहतो कुठे हे पाहत नाही, त्याचं नागरिकत्व पाहतो. कुवेतात तीस वर्षं काढलेल्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. त्याच्याच सख्ख्या भावाने जुन्या पोर्तुगीज राजवटीच्या आधारे लिस्बनमध्ये कागद करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल, तर तो मडगावात बसून धनादेश देत असला तरी ती परदेशी देणगी. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाने यात फरक पडत नाही. तेव्हा पावती फाडण्याआधी पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत मागा. गावात हे विचारायला अवघड वाटतं, म्हणून समितीचा ठराव करून सगळ्यांनाच विचारायचा नियम करा.

अरब दाता, त्याचं प्रतिष्ठान, कंपनी हे सगळे परदेशी स्रोतच. त्यांनी वस्तू दिल्या, समजा वापरलेले वीस लॅपटॉप, तरी तीही देणगीच.

परवानगी कशी काढायची

संस्था किमान तीन वर्षं जुनी असेल आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत तिने मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केले असतील, तर एफसी-३ए अर्जाने पाच वर्षांची नोंदणी मागता येते. गावातल्या बहुतेक मंडळांचा खर्च तिथवर पोचत नाही. त्यांच्यासाठी एफसी-३बी, म्हणजे एका दात्याकडून एका कामासाठी पूर्वपरवानगी. तिला रक्कम आणि हेतू लिहिलेलं दात्याचं हमीपत्र लागतं. ‘आम्ही मदत करू’ एवढंच लिहिलेलं पत्र चालत नाही. तुमचा मुख्य पदाधिकारी दात्याच्या संस्थेत असू नये. रक्कम १ कोटीच्या वर असेल तर ती हप्त्यांनी येते, आणि पुढचा हप्ता आधीच्यातला ७५ टक्के खर्च होऊन चौकशी झाल्यावर.

अर्जाआधी ही तयारी ठेवा: संस्थेचं नोंदणीपत्र आणि घटना, तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब, दर्पण क्रमांक (नीती आयोगाच्या संकेतस्थळावर संस्थेची नोंद केल्यावर मिळतो तो), सर्व पदाधिकाऱ्यांचे आधार. पदाधिकारी बदलले पण निबंधकांकडे जुनीच यादी पडून आहे, हे आपल्याकडे फार दिसतं. आधी ती दुरुस्त करून घ्या. देवस्थानाच्या आवारात चालणाऱ्या वाचनालयाने स्वतःची वेगळी नोंदणी आहे ना हे पाहावं. देवस्थानाला महाजनांचा, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत सभासदांचा, वेगळा कायदा लागू होतो आणि तिथे मामलेदारांचा संबंध येतो; दोन्ही कागद एकत्र केले की दोन्ही अडकतात.

पैसे फक्त एकाच ठिकाणी येऊ शकतात: स्टेट बँकेची नवी दिल्ली मुख्य शाखा, ११ संसद मार्ग. खातं उघडायला दिल्लीला जावं लागत नाही, जवळच्या शाखेतून कागद जातात. तिथून पुढे वापरासाठी गोव्यातल्या बँकेत दुसरं खातं काढता येतं, पण त्या खात्यात जत्रेच्या वर्गणीचा एक रुपयाही जाता कामा नये. व्याजही परदेशी देणगीतच मोजतात.

कायद्यात निकालाला साधारण ९० दिवस म्हटलंय. त्या भरवशावर कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देऊ नका.

आणि तो ठरलेला आडमार्ग: ‘पणजीच्या अमुक संस्थेकडे नोंदणी आहे, ती घेईल आणि आम्हाला देईल.’ २०२० च्या दुरुस्तीनंतर असं पुढे देणं पूर्ण बंद आहे. ती संस्था स्वतः तुमच्या गावात काम करू शकते, सुताराला आणि पत्रेवाल्याला स्वतःच्या खात्यातून पैसे देऊ शकते. तुमच्या खात्यात वळते करू शकत नाही. नियम मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

खर्च आणि हिशेब

प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत. १० लाखांत २ लाख: कार्यालयाचं भाडं, कारकुनाचा पगार, सीएची फी, पदाधिकाऱ्यांचा प्रवास हे सगळं त्यात. शाळेच्या शिक्षकाचा पगार त्यात धरत नाहीत, हे बऱ्याच खजिनदारांना माहीत नसतं आणि ते उगाच शिक्षकांचे दिवस कापतात.

वार्षिक विवरण एफसी-४, आर्थिक वर्ष संपल्यावर नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत. वर्षभरात काही आलं नसलं तरी शून्याचं विवरण भरायचं. नोंदणी असेल तर नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मंत्रालयाचं सांगणं किमान चार महिने आधी. ही तारीख सचिवाच्या मोबाइलमध्ये ठेवू नका, सचिव बदलतो. इतिवृत्ताच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लाल शाईने लिहा.

दात्याला सत्काराचे फोटो पाठवण्याची घाई होते. त्याच्या कार्यालयाला हवी असते बिलांची प्रत, बँकेचा उतारा, आणि छपराचे दोन फोटो: एक मे महिन्यातला, एक जुलैतला, भर पावसातला.