मुलांना नुसतं वाच म्हणू नका, त्यांच्यासोबत वाचायला बसा

गेल्या वर्षी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि थोडे दिवस डोळ्यांना ताण नको म्हणून पेपर बंद. सकाळच्या चहाबरोबर पेपर लागणारी बाई, करमेना हो त्यांना. मग माझ्या तिसरीतल्या लेकीला म्हणाल्या, बाळा मला जरा मथळे तरी वाचून दाखव गं. लेक इंग्लिश मीडियमची, मराठी वाचायचं म्हटलं की हिचं पोट दुखायचं. पण आजीला नाही कसं म्हणणार, बसली. 'अतिक्रमण'ला अडकली, अ, ति, कर, करम... मी किचनमधून शब्द सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात आईंनी हातानेच थांब म्हटलं. डोळे मिटून शांत बसल्या होत्या. दोनदा मागे जाऊन पोरीनं स्वतःच 'अतिक्रमण' म्हटलं आणि लगेच विचारलं, म्हणजे काय गं आजी? आजी म्हणाल्या, कोपऱ्यावरचा भेळवाला फुटपाथवर खुर्च्या मांडतो ना आणि आपल्याला रस्त्यावरून चालावं लागतं, ते. आठवड्याभरात दारातला पेपर तीच उचलून आणायला लागली.

तेव्हा मला कळलं की तिला आजवर वाचायला लावणारे सगळे तिची परीक्षाच घेत होते, आजीला मात्र खरंच ऐकायचं होतं. त्यानंतर आम्ही घरात जे जे बदललं ते सांगते.

सगळ्यात आधी वेळ ठरवा, आणि ती सगळ्यांची. आमच्याकडे जेवणं उरकली की नऊ ते सव्वानऊ, टीव्ही बंद, सगळे फोन फ्रिजवर. पंधरा मिनिटंच, पण घरातल्या प्रत्येकानं काहीतरी वाचायचं, नवरा मॅच असली तरी बसतो, मी कधीकधी नुसतं रेसिपीचं पुस्तक घेते. पहिले चार-पाच दिवस मुलं चुळबुळ करतात, पाणी पाहिजे, शू आली, सगळं होतं, करू द्या, आपण आपलं वाचत राहायचं. आईबाबा फोनमध्ये आणि मुलानं तेवढं पुस्तक धरायचं, असं कुठल्याच घरात चालत नाही, चालणारही नाही.

मूल स्वतः वाचायला लागलं म्हणून मोठ्यानं वाचून दाखवणं बंद करू नका, ही चूक फार घरांत होते. त्यांना स्वतःला झेपतं त्यापेक्षा कितीतरी अवघड गोष्ट ऐकताना समजते आणि तिथूनच शब्द येतात. आवाज काढून वाचा, राक्षसाला राक्षसाचा आवाज द्या. धाकटा सीनियर केजीत आहे, त्याला एकच मांजराचं पुस्तक रोज लागतं, महिनाभर तेच, मी पान उलटायच्या आत तो पुढचं वाक्य म्हणतो. कंटाळा येतो पण वाचा, ओळखीच्या वाक्यांवर बोट फिरवतच त्याची अक्षरं पक्की होतायत.

मराठी वाचताना मुलं बहुतेक जोडाक्षरांना अडतात, त्यातही 'र' फार छळतो कारण तो वेगवेगळा दिसतो, चक्र, सूर्य, ट्रक, सुऱ्या, चारही शब्दांत र आहे पण चार रूपं. हे एकदा कागदावर मोठं लिहून फ्रिजला लावा. मग बसमधून जाताना पाट्या वाचायचा खेळ खेळा, आमच्या पुण्यात लक्ष्मी रोडवर तर एका फेरीत अख्खी बाराखडी होते. अडलं तर मनात पाच आकडे मोजा आणि मगच शब्द सांगा.

पुस्तक त्यांनाच निवडू द्या. अप्पा बळवंत चौकात नुसतं गाईडं आणि वह्या आणायला जाऊ नका, अर्धा तास जास्तीचा काढा, दुकानात चाळू द्या. कॉमिक घेतलं तर कॉमिक, डायनासोरचं घेतलं तर डायनासोरचं. आवडलं नाही तर अर्ध्यात सोडायचीही मुभा द्या, आपण नाही का सोडत. आणि घरी आल्यावर ते काचेच्या कपाटात ठेवू नका हो, हाताला लागेल असं ठेवा, आमच्याकडे सोफ्याशेजारी भाजीची जुनी टोपली आहे.

दर वेळी विकत घेणं परवडत नाही, मान्य. पुणे नगर वाचन मंदिर 1848 चं आहे, पुणे मराठी ग्रंथालय 1911 चं, जे जवळ पडेल तिथे नाहीतर तुमच्या भागातल्या वाचनालयात वर्गणी भरा आणि शनिवारी मुलांना सोबत न्या, पुस्तक बदलायचं काम त्यांचं. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंक वेबसाइटवर फुकट आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर पण मराठी गोष्टी फुकट मिळतात, लेव्हलप्रमाणे, प्रिंट काढता येते. मी प्रिंटच काढते, स्क्रीन टळतो.

दोन गोष्टी मात्र करू नका. एका पुस्तकाला एक चॉकलेट, हा सौदा नको, चॉकलेट बंद झालं की वाचनही बंद. आणि गोष्ट संपली रे संपली की 'काय शिकलास यातून?' हे तर अजिबात विचारू नका. त्यापेक्षा तुम्हाला काय वाटलं ते सांगा, मग मुलं आपणहून बोलतात.

सुट्टीत महाबळेश्वरला जाणार असाल तर पाचगणीजवळ भिलारला थांबा, पुस्तकांचं गाव, 2017 पासून तिथे लोकांच्या घरांत पुस्तकं मांडलीयत, कुणीही जाऊन बसून वाचावं. आम्ही दिवाळीनंतर जाणार आहोत, आजी पण येणारेत. त्यांचे डोळे आता छान झालेत, पण सकाळचे मथळे अजून नातच वाचते.