गच्चीवरून खरं क्षितिज कसं शोधायचं आणि त्यावरून आकाश कसं मोजायचं

आकाश बघायला शिकताना बरेच जण पहिल्याच दिवशी अ‍ॅप उघडून तारे शोधत बसतात, पण माझं ऐकाल तर आधी क्षितिज पक्कं करा, ताऱ्याची उंची मोजायची ती तिथूनच. शहरात समोर दिसते ती बिल्डिंगांची नाहीतर डोंगराची कड, खरं क्षितिज म्हणजे आपल्या डोळ्याच्या लेव्हलला चारी बाजूंनी जाणारी आडवी रेघ.

१) रेघ शोधा. गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप घ्या, पाणी भरा, बुडबुडे काढून टाका, दोन्ही टोकं उघडी ठेवून थोड्या अंतरावर उभी धरा आणि दोन्हीकडचं पाणी एका रेषेत येईल असा डोळा लावून पलीकडे बघा. समोरच्या बिल्डिंगची जी खिडकी त्या रेषेत येते तिथे तुमचं क्षितिज. किनाऱ्यावर एवढा खटाटोप नको, समुद्राची कड चालते, उभ्या माणसाला ती साधारण साडेचार किलोमीटरवर दिसते आणि १०० मीटर उंचीवरून जवळजवळ ३५ किलोमीटरवर.

२) मूठ वापरा. हात पूर्ण ताणून धरलेली मूठ म्हणजे सुमारे १० अंश, क्षितिजापासून डोक्यावरपर्यंत नऊ मुठी भरायला हव्यात.

३) ध्रुव मोजा. उन्हाळ्यात सप्तर्षीवरून, थंडीत शर्मिष्ठा या तारकासमूहावरून सापडतो, फार ठळक नसतो त्यामुळे धीर धरा. त्याची उंची म्हणजे जवळपास तुमच्या गावाचा अक्षांश, मुंबईत १९, नागपुरात २१, म्हणजे दोन मुठी!

४) सूर्योदयाच्या खुणा करा. एकाच जागी उभं राहून, सूर्य कुठल्या झाडामागून वर येतो ते दर आठवड्याला लिहून ठेवा. मार्चमध्ये तो रोज जवळजवळ स्वतःच्या रुंदीएवढा उत्तरेला सरकतो, जूनमध्ये सरकणं थांबल्यासारखं वाटतं, आणि डिसेंबर ते जून मिळून मुंबईतून तब्बल पाच मुठींचा फरक पडतो. दुर्बीण मात्र सूर्याकडे अजिबात लावू नका. आणखी एक भारी गोष्ट, हवेमुळे प्रकाश वाकतो म्हणून सूर्य क्षितिजाला टेकलेला दिसतो तेव्हा खरा सूर्य आधीच खाली गेलेला असतो.

५) आता अगस्त्य, म्हणजे दक्षिणेकडचा ठळक तारा. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला बघा, पुण्यातून तो दोन मुठींपेक्षा किंचित खाली असतो, दिल्लीतून एक मूठसुद्धा भरत नाही. ३७ मधून तुमच्या गावाचा अक्षांश वजा करा, तेवढ्या अंशांवर तो सापडेल.