जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमची आयएसओ फाइल अस्सल आहे का, हे कसे तपासावे

आयएसओ फाइल म्हणजे संपूर्ण डिस्कची एकाच फाइलमधली प्रत, आणि हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेली ठरावीक लांबीची ओळखखूण; मजकूर जराही बदलला, तर हॅशही बदलतो. आयएसओ फाइलचा हॅश काढणे सोपे असते. तो कशाशी ताडून पाहायचा, हे मात्र आधी ठरवावे लागते. फाइल जिथून उतरवली तिथेच दिलेला हॅश जुळला, तर डाउनलोड धड झाले एवढेच कळते, कारण ज्याला फाइल बदलता येते त्याला शेजारचा हॅशही बदलता येतो. 20 फेब्रुवारी 2016 रोजी हल्लेखोरांनी लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अधिकृत संकेतस्थळावरचाच दुवा बॅकडोर (संगणकात शिरण्याची छुपी वाट) घातलेल्या आयएसओकडे वळवला होता.

म्हणून हॅश मूळ निर्मात्याच्या नोंदीतून घ्यावा. मायक्रोसॉफ्ट एमएसडीएन या आपल्या डेव्हलपरांसाठीच्या सेवेच्या सदस्यांना आयएसओसोबत एसएचए-1 प्रकारचा हॅश देत असे. अशी पाने आता जागेवर नसतील, तर वेबॅक मशीन या जुनी वेबपाने जपणाऱ्या संग्रहात त्यांची जुनी प्रत शोधावी. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींच्या बाबतीत हॅशच्या यादीसोबत बहुधा जीपीजी स्वाक्षरीही असते, म्हणजे निर्मात्याच्या गुप्त किल्लीने केलेली आणि त्याच्या सार्वजनिक किल्लीने तपासता येणारी डिजिटल स्वाक्षरी. ती तपासताना सार्वजनिक किल्लीचा फिंगरप्रिंट (तिची छोटी ओळखखूण) वेगळ्या ठिकाणाहून पडताळून घ्यावा. किल्लीची मुदत संपल्याची सूचना आली, तरी तेवढ्याने जुनी स्वाक्षरी खोटी ठरत नाही.

हॅश काढण्यासाठी विंडोजमध्ये ‘सर्टयूटिल’ किंवा पॉवरशेलमधील ‘गेट-फाइलहॅश’, लिनक्समध्ये ‘एसएचए256सम’ आणि मॅकवर ‘शासम’ वापरावे. नोंदीत 32 अक्षरे असल्यास बहुधा एमडी5, 40 असल्यास एसएचए-1 आणि 64 असल्यास एसएचए-256 समजावा, आणि तोच प्रकार निवडावा. 2017 मध्ये एसएचए-1 हॅश एकच असलेल्या दोन वेगळ्या फाइली तयार करून दाखवण्यात आल्या. पण त्यासाठी दोन्ही फाइली हल्लेखोरानेच घडवाव्या लागतात. आधीच प्रसिद्ध झालेल्या आयएसओशी जुळणारी बनावट फाइल तयार करणे ही निराळी आणि कितीतरी अवघड गोष्ट असल्याने जुनी एसएचए-1 नोंद माझ्या मते अजूनही उपयोगी आहे.

हॅश जुळला नाही, तर लगेच घातपाताचा निष्कर्ष काढू नये. प्रत्यक्ष सीडीवरून प्रत काढताना शेवटी काही रिकामे सेक्टर (डिस्कवरील माहितीचे ठरावीक आकाराचे तुकडे) जादा येऊ शकतात आणि तेवढ्यानेही हॅश पूर्ण बदलतो. सीडीवरील फाइलींच्या आयएसओ 9660 या रचनेत, शून्यापासून मोजता, सोळाव्या सेक्टरपासून, म्हणजे 32,768 व्या बाइटपासून, सुरू होणाऱ्या वर्णनात एकूण ब्लॉकची संख्या असते. तिला ब्लॉकच्या आकाराने, म्हणजे सहसा 2,048 ने, गुणून येणाऱ्या लांबीपर्यंत फाइलची प्रत छाटावी आणि पुन्हा हॅश काढावा.

विश्वासार्ह नोंद कुठेच मिळाली नाही, तर विंडोजच्या डिस्कवरील सेटअप फाइलची डिजिटल स्वाक्षरी तपासता येते. पण ती फक्त त्या फाइलपुरती असते, बाकीच्या मजकुराची हमी देत नाही. अशी आयएसओ वापरायचीच असेल, तर नेटवर्क तोडलेल्या आभासी यंत्रातच (सॉफ्टवेअरने संगणकाच्या आत उभ्या केलेल्या वेगळ्या संगणकातच) वापरावी.